काट्याचं शून्य कुठलं?

भोरमधून निघून नीरा देवघरच्या जलाशयाच्या काठाने पुढे गेलं आणि वरंधा घाट उतरला की महाडचा रस्ता लागतो. भोर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, आणि महाड सावित्रीच्या काठी, जवळजवळ समुद्राच्याच पातळीला. एवढ्या एका प्रवासात गाडीभोवतीच्या हवेचा दाब साधारण सात टक्क्यांनी वाढतो. गाडीत बसलेल्यांना हे कळतं ते फार तर कानात दडे बसण्यापुरतं. पण गाडीत बूस्ट गेज, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब दाखवणारं मीटर, बसवलेलं असेल तर इथे एक गंमत होते. भोरला इंजिन बंद करून उभ्या केलेल्या गाडीत एका प्रकारचं गेज शून्य दाखवतं, तर दुसऱ्या प्रकारचं ०.९४ बार. महाडला तीच गाडी तशीच उभी केली तर पहिलं पुन्हा शून्यच दाखवतं आणि दुसरं १.०१ वर गेलेलं असतं. दोन्ही गेजं खरं बोलतात. फरक इतकाच, की शून्य कुठे धरायचं हे दोघांनी वेगवेगळं ठरवलं आहे.

भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, हा सगळा चढउतारांचा मुलूख. वरंधा, पाबे घाट, केळदजवळचा मढे घाट आणि तोरणा-राजगडच्या पायथ्याच्या गावांकडे जाणारे वळणांचे रस्ते. इथे भाताची पोती आणि दुधाचे कॅन वाहणाऱ्या पिकअप धावतात आणि शनिवार-रविवारी पुण्याहून येणाऱ्या मोटारीही. त्यातल्या बहुतेक डिझेल आणि बऱ्याच नव्या पेट्रोल गाड्यांना टर्बो असतो, पण तो काय करतो हे सांगणारं मीटर कंपनीकडून क्वचितच मिळतं. म्हणून हौशी लोक ते बाहेरून घेऊन बसवतात. काम अर्ध्या दिवसाचं आहे. मात्र गेज निवडताना, नळी कुठून काढायची हे ठरवताना आणि शेवटी काटा वाचताना, तिन्ही वेळा तोच प्रश्न समोर येतो: काट्याचं शून्य कुठलं?

टर्बो नेमकं काय करतो

इंजिनाला जास्त इंधन देणं सोपं असतं; ते जाळायला पुरेशी हवा देणं अवघड. बिनटर्बोच्या इंजिनात पिस्टन खाली सरकतो, पोकळी तयार होते आणि बाहेरची हवा आपल्या दाबाने आत शिरते. बाहेर दाब जितका, तितकीच हवा आत. त्यामुळे असं इंजिन भोरला महाडपेक्षा सुमारे सात टक्के कमी हवा घेतं आणि त्याची ताकदही साधारण त्याच प्रमाणात घटते.

स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड बुखी यांनी यावरच्या उपायाचं पेटंट १९०५ मध्ये घेतलं. सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या तप्त धुराच्या झोतावर एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसवलेल्या चक्राने ताजी हवा दाबून इंजिनात लोटायची, अशी ती कल्पना. मोटारींत ती यायला अर्धं शतक उलटलं. अमेरिकेत १९६२ मध्ये ओल्ड्समोबिल आणि शेव्हरले या कंपन्यांनी टर्बोच्या पेट्रोल मोटारी विकायला काढल्या; टर्बो डिझेल मोटार मर्सिडीजने १९७८ मध्ये आणली. आजच्या लहान मोटारींतली ही चक्रं मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतात.

हवा दाबली की तापते. सायकलचा पंप जोरात मारल्यावर त्याचा तळ गरम लागतो तो यामुळेच. ३० अंशांची हवा दुपटीहून थोड्या जास्त दाबापर्यंत नेली तर तिचं तापमान शंभर अंशांच्या पुढे जातं. तापलेली हवा फुगते, म्हणजे दाब वाढला तरी त्या प्रमाणात हवेचं वजन वाढत नाही, आणि इंधन जाळायला उपयोगी पडतं ते वजन. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये इंटरकूलर बसवून तिला थंड करतात.

दाब हाताबाहेर जाऊ नये यासाठी दोन व्यवस्था असतात. पहिली वेस्टगेट: ठरलेल्या दाबाला एक झडप उघडते आणि काही धूर टर्बोला वळसा घालून निघून जातो. दुसरी व्हीजीटी, म्हणजे बदलत्या पात्यांचा टर्बो. त्यात चक्राभोवतीची पाती वळून धुराचा झोत कमीजास्त जोराने चक्रावर सोडतात.

या दोन्हींचं ओळखीचं उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. रांजणगावच्या फियाट आणि टाटांच्या कारखान्यात १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन बनायचं. टाटांच्या गाड्यांत ते क्वाड्राजेट नावाने आलं, आणि मारुतीने परवान्याखाली बनवून त्याला डीडीआयएस म्हटलं. स्विफ्टमधल्या ७५ अश्वशक्तीच्या आवृत्तीत साधा टर्बो होता, तर ९० अश्वशक्तीच्या आवृत्तीत व्हीजीटी. हे इंजिन चालवलेल्या प्रत्येकाला त्याची एक खोड माहीत आहे: दोन हजार फेऱ्यांच्या खाली गाडी मरगळलेली आणि त्यापुढे एकदम झेपावणारी. ड्रायव्हर मंडळी म्हणतात, ‘आता टर्बो उघडला.’ हे उघडणं कानाने आणि पाठीला बसणाऱ्या धक्क्याने कळतं. गेज तेच आकड्यात दाखवतं.

दाबाचे दोन हिशेब

पंक्चरच्या दुकानात आपण ‘बत्तीस हवा भर’ म्हणतो तेव्हा ते बत्तीस पीएसआय बाहेरच्या हवेच्या वर मोजलेले असतात. पंक्चर झालेल्या टायरवर गेज शून्य दाखवतं, पण टायरच्या आत पोकळी नसते. भोरला त्यात सुमारे साडेतेरा पीएसआय दाबाची हवा असतेच. बाहेरही तेवढाच दाब असल्यामुळे फरक शून्य, म्हणून काटा शून्यावर. या मोजणीला सापेक्ष दाब म्हणता येईल. दुसरी मोजणी निरपेक्ष दाबाची. तिचं शून्य म्हणजे संपूर्ण निर्वात, आणि ते भोर, महाड, तोरण्याचा माथा, सगळीकडे एकच.

बूस्ट म्हणजे सापेक्ष दाब. गेजवर १ बार बूस्ट दिसत असेल तर महाडला इंजिनाच्या तोंडाशी निरपेक्ष दाब २.०१ बार असतो आणि भोरला १.९४. आकडा एकच, हवा वेगळी.

एककांची भेसळही आधीच निवारलेली बरी. १ बार म्हणजे १०० किलोपास्कल, म्हणजेच साडेचौदा पीएसआय. किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर हे एकक बारच्या इतकं जवळ आहे की रोजच्या वापरात फरक जाणवत नाही. पोकळीची बाजू पुष्कळ गेजांवर पाऱ्याच्या इंचांत असते. १ बार म्हणजे असे साडेएकोणतीस इंच. एकाच तबकडीवर शून्याच्या डावीकडे इंच आणि उजवीकडे पीएसआय असलेली गेजं सर्रास मिळतात, म्हणून डाव्या बाजूचा १० आणि उजव्या बाजूचा १० यांची तुलना करू नये.

पेट्रोल की डिझेल, हे आधी पाहायचं

पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलची झडप असते. एक्सलेटरवरून पाय काढला की ती जवळजवळ मिटते, इंजिन हवा ओढतच राहतं आणि तिच्या पलीकडे, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये, पोकळी तयार होते. धडधाकट पेट्रोल इंजिन समुद्रसपाटीजवळ आयडलिंगला साधारण १८ ते २० इंच पोकळी दाखवतं. उंची दर हजार फुटांनी वाढली की हा आकडा सुमारे एका इंचाने घटतो. भोर दोन हजार फुटांच्या आसपास, म्हणून तीच निरोगी गाडी तिथे १६ ते १८ इंच दाखवेल. हे माहीत नसेल तर महाडहून आलेला माणूस भोरमध्ये काटा पाहून इंजिनात बिघाड शोधत बसेल.

डिझेल इंजिनात ताकद इंधनाने आवरली जाते, हवेने नव्हे. नव्या डिझेलांतही झडप असते, पण तिचं काम वेगळं. त्यामुळे आयडलिंगला काटा शून्याच्या आसपास असतो. डिझेलसाठी पोकळीची बाजू असलेलं गेज घेतलं तर तबकडीचा डावा भाग फुकट जातो आणि उपयोगाचा भाग आक्रसतो. डिझेलला शून्यापासून सुरू होऊन दोन-अडीच बारपर्यंत जाणारं गेज घ्यावं, आणि टर्बो पेट्रोलला उणे एकपासून अधिक दोन बारपर्यंतचं.

गेजचे तीन प्रकार

सगळ्यात जुना प्रकार यांत्रिक. फ्रान्सच्या यूजीन बूर्दों यांनी १८४९ मध्ये पेटंट घेतलेली युक्ती त्यात आजही तशीच आहे: चपट्या, अर्धवर्तुळाकार वाकवलेल्या धातूच्या नळीत दाब भरला की ती सरळ व्हायला बघते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. नळीच्या आत मॅनिफोल्डचा दाब, बाहेर केबिनमधली हवा. म्हणून हे गेज जिथे गाडी असेल तिथलीच हवा शून्य मानतं. भोर-महाड प्रवासात त्याला काही सांगावं लागत नाही. त्याला वीज लागते ती फक्त दिव्यापुरती. तोटा एवढाच, की इंजिनमधून एक नळी थेट केबिनमध्ये आणावी लागते. पेट्रोल गाडीत ती फुटली किंवा निसटली तर इंधनाची वाफ आत येऊ शकते.

दुसरा प्रकार इलेक्ट्रॉनिक. यात नळी बोनेटखालीच संपते, तिथल्या सेन्सरला जाऊन. पाच व्होल्टवर चालणारा सेन्सर दाबाप्रमाणे साधारण अर्ध्या ते साडेचार व्होल्टपर्यंत इशारा पाठवतो आणि केबिनमध्ये फक्त तारा येतात. सुरक्षितता आणि टिकाऊपणा यांत हा प्रकार सरस, पण शून्याचा प्रश्न इथे डोकं वर काढतो. काही गेजं चालू होताना जो दाब असेल त्याला शून्य धरतात. असं गेज भोरला चालू केलं आणि इंजिन बंद न करता महाडला उतरलं तर ते प्रत्यक्षापेक्षा ०.०७ बार जास्त दाखवत राहील. काहींनी समुद्रसपाटीचा दाब कायमचा शून्य धरलेला असतो; ती भोरला उभ्या गाडीतही उणे ०.०७ दाखवतील. गेज खराब नसतं, पण माहितीपत्रकात हे वाचून ठेवावं.

तिसरा प्रकार म्हणजे काहीच न कापता, गाडीच्या संगणकाकडूनच आकडा मागून घेणं. भारतात १ एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ ही तपासणी व्यवस्था लागू झाली, म्हणून त्यानंतरच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट सापडतं. त्यात छोटं ब्लूटूथ यंत्र खुपसलं की मोबाइलवर मॅनिफोल्डचा दाब दिसतो. हा दाब निरपेक्ष असतो आणि प्रचलित मानकात त्यासाठी एकच बाइट ठेवलेला असल्यामुळे तो २५५ किलोपास्कलच्या वर जाऊ शकत नाही. त्याहून अधिक दाब करणाऱ्या डिझेल गाड्यांत वेगळा कोड वाचावा लागतो. बूस्ट काढायला यातून बाहेरच्या हवेचा दाब वजा करावा लागतो. चांगली अ‍ॅप तो दाबही गाडीकडूनच विचारून घेतात, साधी अ‍ॅप सरसकट १०१ वजा करून मोकळी होतात. आकडे सेकंदाला मोजक्याच वेळा ताजे होतात, म्हणून काट्यासारखी तत्परता इथे नाही. तरी बीएस-६ गाडीला आणि वॉरंटीत असलेल्या गाडीला हाच मार्ग पहिला.

नळी कुठून काढायची

कामाला लागण्याआधी इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावं आणि दहाच्या पान्याने बॅटरीचं ऋण टोक सोडवावं. मग प्रश्न येतो जागेचा. दाब मोजायचा तो इंजिनाच्या तोंडाशी, म्हणजे इंटरकूलर आणि थ्रॉटल यांच्यानंतर, मॅनिफोल्डमध्ये. टर्बोच्या लगेच पुढे मोजला तर आकडा थोडा फुगलेला मिळतो, कारण इंटरकूलरच्या बारीक वाटांतून जाताना दाब थोडा घटतो.

जुन्या, यांत्रिक पंपाच्या टर्बो डिझेलमध्ये मॅनिफोल्डमधून निघून डिझेल पंपाच्या टोपणाकडे जाणारी एक बारीक नळी असते. बूस्ट वाढला की तिच्यामार्फत पंप डिझेल वाढवतो. त्या नळीत टी जोडून गेजची नळी काढता येते. पेट्रोल गाडीत मॅनिफोल्डवरून निघणारी एखादी बारीक व्हॅक्यूम नळी त्याच कामाला येते. नव्या गाड्यांत मॅनिफोल्डवर दाबाचा सेन्सर बसवलेला असतो. तो काढून त्याखाली एक जोडतुकडा बसवला की कोणतीही मूळ नळी न कापता वाट मिळते. असा तुकडा त्याच इंजिनासाठी बनवलेला हवा, आणि त्याची रबरी रिंग नवी.

कुठून काढायची नाही हेही तितकंच महत्त्वाचं. ब्रेक बूस्टरच्या जाड नळीला हात लावू नये. पेट्रोल गाडीत तिथे गळती झाली तर ब्रेक पेडल दगडासारखं होतं, आणि ते वरंधा उतरताना कळणं परवडणारं नाही. डिझेलमध्ये तर त्या नळीत वेगळ्या पंपाने तयार केलेली पोकळी असते. बूस्टशी तिचा संबंधच नाही, म्हणून गेज भलताच आकडा दाखवेल. वेस्टगेटकडे जाणारी नळीही टाळावी. तिथे गळती झाली तर झडपेपर्यंत पुरेसा दाब पोचत नाही, ती उघडत नाही आणि टर्बो मर्यादेपलीकडे दाब करत राहतो. व्हीजीटीच्या नळ्या पोकळीवर चालतात. त्यांतून बूस्ट मिळणारच नाही.

गेजची नळी साधारण चार मिलिमीटर आतल्या व्यासाची, तेल आणि उष्णता सोसणारी घ्यावी. प्रत्येक सांध्याला क्लिप लावावी. टर्बो आणि धुराच्या पाइपापासून ती हातभर दूर ठेवावी, पंख्याच्या पट्ट्यापासूनही. इंजिन आपल्या रबरी पायांवर डुलतं, म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये नळीला थोडी ढील हवी. मॅनिफोल्डमध्ये तेलाचा अंश आणि पावसाळ्यात दमटपणा असतोच. नळी गेजपासून इंजिनाकडे उतरती ठेवली तर साचलेलं पाणी-तेल आपसूक परत जातं, नाही तर ते खोलगट भागात तुंबून काटा आळसावतो. यांत्रिक गेजला बारीक छिद्राचा अडसर लावतात. पिस्टनांच्या धडधडीने काटा थरथरू नये, यासाठी.

इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीला नवं भोक पाडायची गरज सहसा पडत नाही. मुख्य वायरिंग जिथून जातं तिथे मोठा रबरी ग्रोमेट असतो. त्यातूनच नळी किंवा तार सरकवावी आणि फट सीलंटने बुजवावी. पाणी, धूर आणि उंदीर या तिघांनाही ती वाट मोकळी ठेवू नये. भाताच्या खळ्याशेजारी गाडी उभी करणाऱ्यांना उंदरांचा प्रताप वेगळा सांगायला नको.

वायरिंगमध्ये तीन गोष्टी लागतात. चावी फिरवल्यावरच मिळणारा बारा व्होल्टचा पुरवठा, पार्किंग दिव्यांबरोबर लागणारा दुसरा पुरवठा, आणि अर्थ. पहिले दोन फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅप लावून, स्वतंत्र छोट्या फ्यूजसह घ्यावेत. तार सोलून दुसऱ्या तारेला गुंडाळणं ही आग लागण्याची रीतसर तयारी आहे. तारांचे रंग कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे रंगावर विसंबू नये; मल्टिमीटर लावून खात्री करावी. अर्थ बॉडीच्या उघड्या धातूला, रंग खरवडलेल्या बोल्टवर द्यावा. पिवळ्या आवरणातल्या तारा आणि पिवळे सॉकेट बहुधा एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावू नये, मल्टिमीटरसुद्धा लावू नये.

गेज ठेवायची लाडकी जागा म्हणजे पुढच्या काचेच्या कडेचा खांब, ए-पिलर. दिसायला छान, पण पडदा एअरबॅग असलेल्या गाडीत ती पिशवी याच खांबावरून उघडते आणि वाटेत आलेलं गेज माणसाच्या डोक्याकडे फेकलं जाऊ शकतं. डॅशबोर्डवर प्रवासी एअरबॅगचं झाकणही मोकळं सोडावं. स्टिअरिंगच्या मागे किंवा मधल्या भागात, रस्त्यावरून नजर फारशी न हलवता दिसेल अशी जागा बरी. रात्री पाबे घाटात झगझगीत निळा दिवा डोळ्यांत जाणार नाही एवढी त्याची चमक उतरवता यायला हवी.

सगळं जोडून झालं की इंजिन चालू करून सांध्यांवर साबणाचं पाणी सोडावं. इंजिनाला रेस दिल्यावर डिझेलमध्ये गळती असेल तिथे बुडबुडे येतात. पेट्रोल इंजिन उभ्या गाडीत पोकळीच दाखवतं, म्हणून तिथे आयडलिंगचा काटा स्थिर आहे का आणि फुसफुस ऐकू येते का ते पाहावं. उभ्या गाडीत बूस्ट फारसा तयार होत नाही, तेव्हा तो दिसला नाही म्हणून घाबरू नये. टर्बोला हवा असतो भार. तो चढावर मिळतो.

घाटात काटा वाचताना

चढावर दुसऱ्या गिअरमध्ये वळण घेतलं, इंजिन दीड हजार फेऱ्यांवर आलं आणि एक्सलेटर पूर्ण दाबला, तरी काटा क्षणभर जागचा हलत नाही. धूर कमी, म्हणून चक्र मंद, म्हणून हवा कमी, म्हणून पुन्हा धूर कमी. हा टर्बो लॅग. काटा हलत नसताना एक्सलेटर आणखी दाबण्यात अर्थ नसतो. जुन्या डिझेलमध्ये त्याचा फक्त काळा धूर होतो. एक गिअर उतरवला की फेऱ्या वाढतात आणि काटा उठतो. काही दिवसांत हात आपोआप वळणाआधीच गिअर टाकायला शिकतो. पेट्रोल गाडीत उतारावर पाय काढून दुसऱ्या गिअरमध्ये उतरताना काटा आयडलिंगपेक्षाही खोल पोकळीत जातो. इंजिन गाडीला धरून ठेवतं आहे, ब्रेकवरचा भार कमी आहे, असा त्याचा अर्थ.

उंचीचा परिणाम टर्बोच्या प्रकाराप्रमाणे वेगळा दिसतो. साध्या वेस्टगेटच्या पडद्याला एका बाजूने टर्बोचा दाब आणि दुसऱ्या बाजूने स्प्रिंग व बाहेरची हवा रेटत असते. तो सापेक्ष दाबच ओळखतो. समजा, तो ०.८ बारला उघडतो. मग भोर असो की महाड, गेज ०.८ दाखवेल; पण प्रत्यक्ष दाब भोरला १.७४ आणि महाडला १.८१, म्हणजे हवा चार टक्के कमी. बिनटर्बोच्या सात टक्क्यांपेक्षा हा तोटा कमी, पण तोटाच. संगणकाने चालवलेला टर्बो बहुधा निरपेक्ष दाबाचं लक्ष्य गाठतो. ते २.२ बार असेल तर महाडला गेजवर १.१९ दिसेल आणि भोरला १.२६. गेजवर भोर सरस दिसतं, पण इंजिनाला मिळणारा दाब दोन्हीकडे सारखाच असतो. फक्त टर्बो भोरला जास्त राबतो. बाहेरचा दाब महाडला २.१८ पट करायचा, तर भोरला २.३४ पट.

काट्याचा खरा उपयोग बिघाड पकडण्यात आहे. पूर्ण भारावर नेहमीपेक्षा आकडा कमी येतो, सोबत फुसकारा ऐकू येतो आणि काळा धूर दिसतो, तर इंटरकूलरची नळी निसटली किंवा चिरली असण्याचा संभव मोठा. खड्ड्यांच्या रस्त्यावर हे होतंच. आकडा कमी पण आवाज नाही, तर तुंबलेला एअर फिल्टर, काजळीने अडकलेली व्हीजीटीची पाती किंवा त्यांना हलवणारी चिरलेली नळी यांकडे पाहावं. आकडा नेहमीपेक्षा वर जात असेल तर लगेच पाय काढावा, कारण दाबावरचा ताबा सुटलेला असू शकतो. काही वेळा संगणकच ताकद कापून गाडी जपून चालवतो. तेव्हा काटा एका खालच्या आकड्याच्या पुढे जायला तयार होत नाही.

काटा ताकद मात्र दाखवत नाही. दाब म्हणजे टर्बोने लोटलेली पण इंजिनाने अजून न गिळलेली हवा. वाट तुंबली तरी दाब वाढतो, हवा तापली तरी वाढतो, आणि त्यातून ताकद वाढेलच असं नाही. वेस्टगेटचा दांडा आवळून किंवा संगणकाचं रिमॅप करून गेजवरचा आकडा चढवण्याचा मोह होतो तो हे न कळल्यामुळे. त्याची किंमत टर्बोचं बेअरिंग, पिस्टन आणि क्लच मोजतात.

कायद्याचंही ध्यानात असावं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीचं मूळ स्वरूप बदलणारे फेरफार करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. नुसतं दाब दाखवणारं गेज गाडीची रचना बदलत नाही. इंजिनाची ताकद वाढवण्याचा मामला निराळा. वॉरंटीतल्या गाडीचं वायरिंग कापलं असेल तर पुढे दाव्याच्या वेळी त्यावरून वाद होऊ शकतो, म्हणून तिथे सॉकेटवर चालणारा प्रकार शहाणपणाचा.

गेज बसवल्यावर गाडी निरोगी असतानाच काही आकडे टिपून ठेवावेत: इंजिन बंद असताना काटा कुठे थांबतो, गरम इंजिन आयडलिंगला कुठे, आणि एखाद्या ओळखीच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अडीच हजार फेऱ्यांना पूर्ण एक्सलेटरवर कुठे. प्रत्येक आकड्यापुढे ठिकाण लिहावं, कारण भोरचा आकडा महाडला लागू पडेलच असं नाही. दर सर्व्हिसिंगनंतर हीच चाचणी त्याच चढावर पुन्हा करावी. पुढे गाडी ओढेनाशी झाली, तर मेस्त्रीला ‘गाडीत दम नाही’ एवढंच सांगावं लागत नाही. ‘या चढाला १.२ यायचा, आता ०.८ च्या वर जात नाही, आवाज काही नाही’ असं सांगता येतं. मग त्याला सगळं इंजिन उघडायची गरज उरत नाही. फिल्टर, नळ्या आणि टर्बोची पाती एवढ्यावरच तो थेट हात घालतो.